बास्करव्हिल कुठे शोभेल?

प्रश्न : आमच्या संस्थेच्या इंग्रजी स्मरणिकेसाठी ‘बास्करव्हिल’ हा फाँट योग्य ठरेल का?

उत्तर : सलग वाचायच्या मजकुरासाठी तो अवश्य घ्यावा. बर्मिंगहॅमच्या जॉन बास्करव्हिल यांनी १७५७ मध्ये रोमन कवी व्हर्जिलचे काव्य या अक्षरांत छापले; ते पूर्वी सुलेखन शिकवत असत, आणि त्यांनी जाड-बारीक रेघांतला फरक त्यांच्या आधीचे इंग्रज अक्षरकार विल्यम कॅस्लन यांच्या अक्षरांपेक्षा ठळक करून सेरिफ, म्हणजे रेघांच्या टोकांच्या छोट्या आडव्या रेषा, अधिक रेखीव केले. लहान ‘जी’चे खालचे पोट पुरते मिटत नाही, मोठ्या ‘क्यू’ची शेपटी डौलाने लांबते, मला ही दोन अक्षरे विशेष देखणी वाटतात. मात्र खरखरीत कागदावर, तळटिपांच्या बारीक आकारात नाजूक रेघा तुटक उमटू शकतात, म्हणून कागद गुळगुळीत निवडावा आणि ओळींमध्ये पुरेशी मोकळी जागा सोडावी.