अडीच वर्षांच्या मुलाला गर्दीत पट्टा लावावा का?

लावा, म्हणजे मुलाच्या छातीला बांधून दुसरं टोक आपल्या हातात धरायचा पट्टा. मूल हात सोडवून पळतं, आणि पट्ट्याचं नाव काढलं की घरचे 'कुत्र्यासारखं बांधणार का' म्हणतात, असं तुम्ही लिहिलंय. हेच वाक्य मी मोठ्या जाऊबाईंकडून ऐकलंय, रेल्वेच्या फलाटावर, चारचौघांत.

धाकटा कडेवर, खांद्याला बॅग, थोरलीच्या छातीवर पट्टा. जाऊबाई म्हणाल्या, "काढ ते आधी, लोक बघतायत. हात धरायला काय होतं?"

काय होतं ते त्यांच्याच डोळ्यांसमोर घडून गेलं होतं. भावजींनी माझ्या थोरलीचा हात धरला होता, प्रेमानेच. तिला कबुतरांमागे धावायचं होतं. तिने अंग खाली टाकलं आणि सगळा भार त्या एका हातावर आला. केवढ्यांदा किंचाळली! रडं थांबल्यावरही हात हलवेना. पोटाशी धरलेला, तळवा आत वळलेला; बिस्किट दिलं तर दुसऱ्या हाताने घेतलं. डॉक्टरांनी तळवा वर फिरवून कोपर दुमडलं, 'कट्' असा बारीक आवाज झाला, आणि थोड्याच वेळात ती त्याच हाताने त्यांचं पेन ओढायला लागली. एक ते चार वर्षांच्या मुलांचं कोपर असं सर्रास निसटतं म्हणाले, आणि एकदा निसटलं की पुन्हा निसटू शकतं. यात भावजींची चूक नव्हती. पण हात धरणं म्हणजे माया आणि पट्टा म्हणजे क्रूरपणा, हे मला कुणी सांगू नये. छातीच्या पट्ट्यात ओढ छाती-पाठीवर वाटली जाते, आणि पोरीचे दोन्ही हात मोकळे राहतात.

'वळण लावा' म्हणणारेही भेटतील. वळण लावायचंच, पण या वयात 'थांब' कळलं तरी पाय आवरत नाहीत आणि गाडीच्या वेगाचा अंदाज तर मुळीच नसतो. ऑटिझम असलेल्या मुलांच्या पालकांना तर कुणी बोलूच नये. अमेरिकेत 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत अशा चार वर्षांवरच्या मुलांपैकी जवळपास निम्म्यांनी एकदा तरी निसटून जायचा प्रयत्न केल्याचं पालकांनी सांगितलं होतं.

हो, मनगटाचा पट्टा घेऊ नका, त्यात ओढ पुन्हा हातावरच येते. छातीचाच घ्या. हिसका देऊन ओढायचं नाही. खांबाला, खुर्चीला बांधून ठेवायचं नाही. घसरगुंडी-झोपाळ्यावर सोडण्याआधी काढायचाच, गळ्याला फास बसू शकतो. सरकत्या जिन्यावर मूल उचलून घ्या आणि पट्टा गुंडाळून हातात ठेवा. मोकळं मैदान असेल तर लावूच नका, पळू दे. ऐकून थांबायला लागलं की पट्टा बंद.

आणि घरातलं कुणी फारच बोललं तर मूल त्यांच्याकडे सोपवा, गर्दीत तासभर, वाकून हात धरून चालायला. जाऊबाईंना मी तेव्हाच हे म्हणायला हवं होतं.