प्लॉट मिळाला, आता तो टिकव

अगं, तीन वर्षं यादीत ताटकळून अखेर इंग्लंडातली अलॉटमेंट, म्हणजे भाज्या पिकवायला भाड्याने मिळणारा जमिनीचा तुकडा, मिळाली म्हणायची! पण दहा रॉडचा अख्खा प्लॉट, म्हणजे साधारण 250 चौरस मीटर, घेऊ नकोस. अर्धाच माग. नोकरी आणि लेकरू सांभाळून तेवढाच झेपतो, आणि उरलेला यादीतल्या दुसऱ्या कुणाला जातो. आमच्याकडे दरवर्षी तेच. एप्रिलमध्ये नवी फावडी घेऊन आलेली मंडळी जुलैत गवत कमरेला लागलं की फिरकत नाहीत. मग नोटीस येते, आणि प्लॉट जातो.

पहिल्याच शनिवारी सगळं खणायला जाऊ नकोस. मी गेले होते. आठवडाभर कंबर धरून बसले. एकच पट्टा साफ कर. बाकीच्यावर जाड पुठ्ठे, वर काळी ताडपत्री, आणि कडेला विटा ठेव, नाहीतर इंग्लंडचा वारा ती शेजाऱ्याच्या कोबीवर नेऊन टाकतो. हरणखुरीची पांढरी दोऱ्यासारखी मुळं हातानेच काढ. रोटाव्हेटर फिरवलास तर तुकड्यातुकड्यातून नवी वेल येते.

मार्चअखेर बटाटे, मेपासून मेथी. डब्यातले मेथीदाणेसुद्धा उगवतात. कोथिंबीर मात्र उन्हाळ्यात लगेच फुलावर येते, थोडी थोडी पेर.

आणि सहा आठवडे भारतात जाणार असशील तर अलॉटमेंटच्या सेक्रेटरीला आधी ईमेल कर, तोंडी नको. पाणी घालायला शेजारच्या आजोबांना सांग. परत आल्यावर मेथीची एक जुडी दिलीस की ते खूश.