उन्हानं पोळलेल्या खांद्यांवर लव्हेंडर कधी लावायचं

ताई, तुम्ही लिहिलंय की बाबा तीन दिवसांपासून तेंदूच्या फळीवर, म्हणजे पानं गोळा करून वाळवायच्या जागेवर, पुडे उलटवताहेत, काल संध्याकाळपासून मान-खांदे लालबुंद झालेत आणि घरात लव्हेंडर, पुदिना, टी ट्री अशा तेलांच्या तीन बाटल्या आहेत. कुठली लावू, किती थेंब? आज रात्री एकही नाही.

उन्हानं पोळलेल्या कातडीची लाली काही तासांनी दिसायला लागते आणि 12 ते 24 तासांत पुरती भडकते. म्हणजे बाबांची आग आत्ता ऐन भरात आहे. त्यावर तेलाचा थर दिला तर धग आतच कोंडते. आज माठातल्या पाण्यात सुती पंचा भिजवा, पिळून खांद्यावर ठेवा, कोमट झाला की परत भिजवा. बर्फ घासू नका. परसात कोरफड असेल तर पान कापून थोडा वेळ उभं धरा, पिवळा चीक निथळून जाऊ द्या आणि मगच गर काढा. त्या चिकानंच पुष्कळांना खाज सुटते आणि नाव कोरफडीचं खराब होतं.

उद्या-परवा धग ओसरली आणि कातडी कुठे फाटलेली नसली तर लव्हेंडर चालेल. दोन मोठे चमचे, म्हणजे साधारण 30 मिली खोबरेल तेलात 6 थेंब. याहून जास्त नको. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून एक दिवस बघा. बाटलीवर ‘सुगंध’ किंवा ‘परफ्यूम’ असं लिहिलं असेल तर ते अगरबत्तीच्या कामाचं, कातडीच्या नाही. यानं भाजलेलं लवकर बरं होतं असंही समजू नका. वासानं बरं वाटतं, तेलानं कोरडेपणा कमी होतो, एवढंच. गॅटफॉसे नावाच्या फ्रेंच रसायनतज्ज्ञाचा 1910 मध्ये भाजलेला हात लव्हेंडरनं बरा झाला, ही गोष्ट सगळीकडे फिरते. पण त्याचे दोन्ही हात प्रयोगशाळेतल्या स्फोटात भाजले होते आणि जखम सडायला लागली म्हणून त्यानं ते वापरलं. त्याचा उन्हाशी काही संबंध नाही.

पुदिन्याचं तेल मी स्वतःवर करून पाहिलंय. आर्वीकडे आमची संत्र्याची बाग आहे. एका मे महिन्यात नुसत्या बनियनवर ठिबकच्या नळ्या ओढत बसलो आणि खांदे पोळले. साळ्यानं पुदिन्याच्या तेलाची बाटली दिली, मी तशीच्या तशी ओतली. पहिली दोन मिनिटं स्वर्ग. मग अशी आग सुटली की अंगणातल्या नळाखाली जाऊन बसलो, तर आणखीच झोंबायला लागलं. अशी तेलं पाण्यात विरघळतच नाहीत, पाण्यासोबत नुसती पसरतात. शेवटी बायकोनं खोबरेल चोपडून कापसानं अलगद टिपून घेतलं, मग साबण लावला, तेव्हा कुठे थांबलं. पुदिन्यातलं मेंथॉल कातडी थंड करतच नाही, थंडाव्याची जी नस आहे तिला फसवतं. म्हणून ती बाटली बाबांसाठी नकोच. आणि घरात लहान लेकरं असतील तर पुदिना, निलगिरी, कापूर त्यांच्या नाकातोंडाजवळही नेऊ नका. टी ट्री तर जुनी, उघडलेली बाटली असेल तर आणखी जास्त चुरचुरते. तीही राहू द्या.

कोणी लिंबू लावा म्हणेल, त्याचं मुळीच ऐकू नका. लिंबाच्या सालीच्या तेलात आणि रसातही असं द्रव्य असतं जे ऊन पडलं की कातडी जाळतं. आमच्या शेजारच्या पोरानं धुऱ्यावर बसून लिंबू पिळले, रस मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला आणि तो तसाच उन्हात हिंडला. दोन दिवसांनी त्याच ओघळाची तांबडी-काळी रेघ उमटली, ती कित्येक आठवडे गेली नाही. आमच्या संत्र्यात हा दोष लिंबापेक्षा पुष्कळ कमी, तरी पोळलेल्या जागी सालीचा फवारा नकोच.

मेळघाटाकडचे लोक तिखाडीचं, म्हणजे रोशा गवताचं तेल सुचवतील. वास गुलाबासारखा, सांधे चोळायला आमच्या आईचं आवडतं. पण तिचे खांदे कधी पोळलेले नसायचे.

गाजराच्या बियांचं तेल लावून गेलं की ऊन बाधत नाही, असंही तुम्ही कुठेतरी वाचलंय. खोटं आहे. बाबांना पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, मानेवर ओला दुपट्टा आणि जमलं तर पुडे उलटवायची पहाटेची पाळी. चार-पाच दिवस तरी भाजलेली जागा उघडी पडू देऊ नका.

फोड आले तर फोडू नका, त्यावर कुठलंच तेल नाही. पाठभर फोड आले किंवा पू दिसला तर प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. आणि ताप चढला, उलट्या झाल्या, बोलणं बरळल्यासारखं वाटलं तर ते नुसतं कातडीचं दुखणं नाही, उष्माघात समजा. सावलीत घ्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि 108 ला फोन करा.

परवा सकाळी लाली कुठवर उतरली ते कळवा, आणि बाबा पाणी किती पिताहेत तेही.