आधी फ्लश बघा, नळ शेवटी

दापोलीजवळ किनाऱ्यालगत होमस्टे बांधताय आणि 'लीड' (पर्यावरणपूरक इमारतींना गुण देऊन प्रमाणपत्र देणारी पद्धत) मधल्या पाण्याच्या गुणांसाठी आर्किटेक्ट महागडे कमी-पाण्याचे नळ सुचवताहेत, ते घ्यावेत का, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते पैसे आधी फ्लशवर घाला.

लीडच्या चौथ्या आवृत्तीत बचत मोजायला मूळ आकडे ठरलेले आहेत: बेसिनचा नळ मिनिटाला ८.३ लिटर, शॉवर ९.५, फ्लश दर वेळी ६ लिटर. त्यापेक्षा किमान २०% कमी, ही पूर्वअट. पण नळाचे ८.३ लिटर ४१५ किलोपास्कल दाबाला धरलेत, म्हणजे टाकी नळाच्या जवळपास ४२ मीटर वर असल्यासारखी! आपल्याकडे टाकी गच्चीवर, तळमजल्याच्या नळापासून सहा मीटर. एवढ्या दाबाला हिशेबाने तोच साधा नळ ३ लिटरच्या आसपासच सोडतो. मी घरी कमी पाण्याचे नळ बसवले होते. धार येईना, म्हणून प्रेशर पंप लावला. पाणी वाचलं नाहीच, वर वीजबिल वाढलं.

फ्लशला दाबाशी देणंघेणं नाही, टाकीत भरेल तेवढंच जाणार. माणशी दिवसाला पाच वापर धरा. ६ लिटरने ३० लिटर. ६/३ च्या दोन बटणांच्या फ्लशने एकदा मोठं, चारदा छोटं, म्हणजे १८. दहा पाहुण्यांमागे रोज १२० लिटर, एप्रिल-मे मिळून ७,३२० लिटर. आमच्याकडे प्रश्न त्याच दोन महिन्यांचा असतो. पाहुण्यांना छोटं बटण कोणतं ते मात्र मराठीत लिहून चिकटवा. आणि महिन्यातून एकदा फ्लशच्या टाकीत थोडी नीळ टाका. अर्ध्या तासात, फ्लश न करता, भांड्यात निळं उतरलं तर वॉशर गेलाय. गळका फ्लश सगळा हिशेब बुडवतो.

तुमची विहीर किनाऱ्याजवळ आहे म्हणून हे जास्त कळकळीने सांगतोय. उन्हाळ्यात उपसा वाढला की गोड पाण्याची पातळी खाली जाते आणि खारं पाणी आत सरकतं. मग वाडीतल्या पोफळींनाही ते चालत नाही.

पावसाचं पाणी जमिनीत मुरवण्याचे गुण घ्या, पण त्याच्यावर विसंबू नका. जांभ्यात मुरलेलं पाणी भेगांतून लवकर वहाळाला लागतं. १०० चौरस मीटर छपरावर १०० मिलिमीटर पाऊस पडला की १०,००० लिटर होतात, आणि कोकणात असे दिवस पावसाळ्यात येतात. पन्हळीला पहिला पाऊस बाहेर सोडायची सोय ठेवा आणि बंद, अंधारी टाकी बांधा. ती सप्टेंबरात भरून मेपर्यंत हात न लावता ठेवायची. न्हाणीचं पाणी माडाच्या आळ्यात सोडा, शौचालयाचं विहिरीपासून लांब, उताराच्या बाजूला.

मेअखेर विहिरीत किती पाणी उरतं ते मोजलं असेल तर इथे लिहा, टाकी किती मोठी हवी ते सांगता येईल.