रोज सायकलने ऑफिसला जाताना जिम आणि विश्रांती यांचा मेळ कसा घालावा?

कोथरूडहून हिंजवडीला रोज सायकलने जाऊन आठवड्यातून तीन दिवस जिमही केल्यामुळे आपले पाय सतत जड राहतात, असे आपण लिहिले आहे. माझ्या मते मूळ अडचण अशी, की येण्याजाण्याचे अंतर आपण व्यायामात धरतच नाही. चांदणी चौकाचा चढ रोज दम लागेपर्यंत चढला, तर मांड्यांवर कसरतीइतकाच ताण येतो आणि संध्याकाळी स्क्वॅट्स मारताना पायांत त्राण उरत नाही. म्हणून चढ सुरू होण्याआधीच हलका गिअर टाकावा आणि धाप न लागता पूर्ण वाक्य बोलता येईल इतक्याच वेगाने चालवावे, मग पोहोचायला थोडा उशीर झाला तरी चालेल. पायांचा जड व्यायाम आठवड्यातून दोनदाच, शक्यतो सायकलनंतर सहा तासांनी करावा आणि दुसऱ्या दिवशी निःसंकोच बस धरावी. शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे सुमारे १.६ ग्रॅम प्रथिने रोज पोटात जावीत. झोप सात-आठ तासांची हवीच, तिला पर्याय नाही. सकाळी उठताच मोजलेले नाडीचे ठोके सलग दोन-तीन दिवस नेहमीपेक्षा जास्त भरले, तर त्या आठवड्यात जिमला सुटी द्यावी.