पीसीबी डिझाइन: सुरुवात कोणत्या सॉफ्टवेअरने करावी?

पीसीबी, म्हणजे पार्ट बसवायचा तांब्याच्या रेघांचा सर्किट बोर्ड, स्वतः डिझाइन करायचा आहे, पण कोणते सॉफ्टवेअर धरावे, या एकाच विषयावर या वेळी बरीच पत्रे आली. त्यांतली पाच घेतली आहेत.

प्रश्न: मी वरुडजवळच्या गावातून आयटीआयला जातो, इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचे दुसरे वर्ष आहे. व्हिडिओत कोणी ईगल दाखवतो, कोणी ईझीईडीए, कोणी किकॅड. मित्र म्हणतो फ्रिट्झिंग सोपे. मी नेमके काय शिकू?

किकॅड शिका. बाकीची का नाहीत, तेही सांगतो, म्हणजे पुन्हा कोणी नवा व्हिडिओ दाखवला तरी मन चळणार नाही.

ईगल 1988 पासूनचे. हौशी लोकांनी वर्षानुवर्षे त्याच्यावरच काम केले, म्हणून त्याचे धडे जिकडेतिकडे सापडतात. ऑटोडेस्कने 2016 मध्ये ते विकत घेतले आणि 2023 मध्ये जाहीर केले की 7 जून 2026 पासून ईगल बंद. त्याची जागा ऑटोडेस्कच्याच फ्यूजन या सॉफ्टवेअरने घेतली. फ्यूजनच्या फुकट आवृत्तीत बोर्ड 80 चौरस सेंटिमीटरपेक्षा मोठा करता येत नाही. बंद झालेल्या सॉफ्टवेअरवर आज नव्याने वेळ घालवू नका. ईगलमधली एखादी जुनी डिझाइन हाती आलीच, तर ती किकॅडमध्ये उघडता येते.

फ्रिट्झिंग ब्रेडबोर्डवरची जोडणी चित्रात दाखवायला छान आहे. शाळेतल्या मुलांना समजवायचे असेल तर मीही तेच उघडतो. बोर्ड बनवायला मात्र ते अपुरे पडते.

ईझीईडीए खरोखर सोपे आहे. ब्राउझरमध्ये चालते, पार्टचा नंबर टाकला की सिम्बॉल (सर्किटमधले चिन्ह), फुटप्रिंट (बोर्डावर त्या पार्टसाठी लागणारी भोके आणि तांब्याचे ठिपके), किंमत सगळे समोर येते. पण ते चीनमधल्या पार्ट विकणाऱ्या आणि बोर्ड बनवणाऱ्या कंपन्यांशी बांधलेले आहे. तिथे दिसलेला पार्ट नागपुरात सीताबर्डीच्या दुकानात मिळेलच असे नाही, आणि तुम्हाला तर दुरुस्तीसाठी तोच पार्ट दोन वर्षांनी पुन्हा लागणार. शिवाय नेहमीच्या वापरात तुमचे काम त्यांच्या सर्व्हरवर राहते.

किकॅडची सुरुवात फ्रान्समध्ये ग्रनोबलच्या ज्याँ-पिएर शारा यांनी 1992 मध्ये केली. 2013 पासून सर्न या युरोपातल्या अणुसंशोधन संस्थेने त्याच्या विकासाला हात लावला, तेव्हापासून ते झपाट्याने सुधारले. पैसे नाहीत, बोर्डाच्या आकारावर व्यवहारात अडेल अशी मर्यादा नाही. फाइल साध्या मजकुराची असते आणि तुमच्याच डिस्कवर राहते. आयटीआय संपली म्हणून तुमचे लायसन्स संपत नाही. उद्या स्वतःचे दुकान टाकून बोर्ड विकले तरी कोणी विचारणार नाही.

पहिले आठ-पंधरा दिवस किकॅड जड वाटेल. त्यात सिम्बॉल वेगळा आणि फुटप्रिंट वेगळा. प्रत्येक पार्टला तुम्ही स्वतः फुटप्रिंट लावायचा. नवशिके इथेच कंटाळून सोडतात. सोडू नका. सर्किटमधला रेझिस्टर आणि हातात धरायचा रेझिस्टर यांची सांगड घालणे हेच या कामाचे मर्म आहे, आणि ते किकॅड पहिल्या दिवसापासून तुमच्याकडून करून घेते. 555 या टायमर आयसीचा एलईडी लुकलुकणारा बोर्ड आधी करा. मोटारीच्या स्टार्टरला लगेच हात घालू नका.

प्रश्न: भाऊ, आर्णी रोडवर माह्यं मोटार रिवायंडिंगचं दुकान हाये. लॅपटॉप जुना हाये, 4 जीबी रॅमचा. नेट मोबाइलचं, लाइनचा त भरवसाच नाही. माह्या लॅपटॉपवर काही चालन का?

चालेल. किकॅड एकदा उतरवून घेतले की पुढे नेट लागत नाही. मात्र उतरवायची फाइल एक जीबीच्या वर जाते, तेवढी शहरात वायफाय असेल तिथे पेनड्राइव्हवर आणा. हल्लीच्या आवृत्त्यांना विंडोज 10 किंवा 11 लागते, विंडोज 7 वर त्या बसत नाहीत. तुमच्याकडे 7 असेल तर लिनक्स टाका, जुन्या लॅपटॉपला ते मानवतेही. इन्स्टॉल करताना थ्रीडी मॉडेल्सवरची खूण काढली तर डिस्कवर बरीच जागा वाचते. बोर्ड उभा करून बघता येणार नाही इतकेच. स्क्रीन अडखळत असेल तर सेटिंगमध्ये ग्राफिक्सचा साधा पर्याय निवडा.

लाइनचे म्हणाल तर बॅटरी मेलेल्या लॅपटॉपवर दर पाच मिनिटांनी कंट्रोल-एस दाबायची सवय लावून घ्या. आणि माउस घ्या, टचपॅडवर ट्रॅक (बोर्डावरच्या तांब्याच्या वाटा) ओढणे म्हणजे छळ आहे.

प्रश्न: मित्राने पेनड्राइव्हवर अल्टियम या विकतच्या पीसीबी सॉफ्टवेअरचे क्रॅक (लायसन्स तोडलेली प्रत) दिले आहे. कंपन्यांत तेच चालते म्हणतात. टाकू का?

नको. मोठ्या कंपन्यांत अल्टियम चालते हे खरे, आणि विद्यार्थी असाल तर त्यांच्याकडे शिकणाऱ्यांसाठी रीतसर योजनाही असते. पण चोरीच्या क्रॅकबरोबर काय काय येते ते सांगता येत नाही, आणि त्याच लॅपटॉपवर तुम्ही बँकेचे व्यवहारही करता. उद्या नोकरीत अल्टियम हाती आले, तर किकॅड येणारा माणूस ते लवकर शिकतो. डोक्यातले ज्ञान तेच राहते, बटणांच्या जागा बदलतात.

प्रश्न: बोअरच्या मोटारीसाठी ऑटो स्टार्टरचा बोर्ड किकॅडवर केला, पुण्याहून बनवून आणला. रिले (विजेने चालणारा स्विच) बसतच नाही, आणि ट्रान्झिस्टर बसला तरी रिले ओढत नाही. सॉफ्टवेअर बदलू का?

सॉफ्टवेअर बदलून हे सुटणार नाही. तुम्ही सोबत पाठवलेला फोटो आणि फाइल दोन्ही पाहिल्या.

आधी ट्रान्झिस्टर. तुमच्या सर्किटमध्ये बीसी 547 आहे. त्याची सपाट बाजू आपल्याकडे, पाय खाली धरले की डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. फोटोत मात्र 2एन 2222 दिसतो. दुकानदाराने "हाही चालतो" म्हणून दिला असणार. चालतो, पण बहुतेक प्लास्टिकच्या 2एन 2222 मध्ये क्रम उलटा, एमिटर, बेस, कलेक्टर. तुमच्याकडचा तसाच दिसतो. तो काढा, अर्धा फेरा फिरवून सपाट बाजू उलटीकडे करून बसवा. बोर्ड फेकायची गरज नाही.

आता रिले. आयसीचे पाय 2.54 मिलिमीटरच्या पटीत असतात, म्हणून आपण सगळेच त्याच मापाने धरतो. ते लहान निळे रिले त्या चौकटीत बसत नाहीत. त्यांच्या कॉइलच्या दोन पायांत 12 मिलिमीटर अंतर असते. शिवाय पाय जाड, त्यांना 1.3 मिलिमीटरचे भोक लागते. तुम्ही रेझिस्टरचे 0.8 चे दिले आहे. किकॅडच्या लायब्ररीत या रिलेचा तयार फुटप्रिंट आहे, तो न घेता तुम्ही अंदाजाने स्वतः काढलात.

पुढच्या वेळी बोर्ड पाठवण्याआधी लेआउट कागदावर छापा. प्रिंटरच्या खिडकीत 100 टक्के ठेवा, "पानात बसवा" हा पर्याय बंद. छापल्यावर पट्टीने मोजून खात्री करा. मग तो कागद थर्माकोलवर ठेवा आणि दुकानातून आणलेला खराखुरा पार्ट त्यावर टोचून बघा. दोन रुपयांच्या कागदावर चूक कळते.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण फाइल पाहून सांगितल्याशिवाय राहवत नाही. तुमच्या स्टार्टरची कॉइल दोन फेजमधल्या 415 व्होल्टवर आहे, आणि तो ट्रॅक 5 व्होल्टच्या ट्रॅकपासून जेमतेम 1 मिलिमीटरवर गेला आहे. सॉफ्टवेअरची नियम-तपासणी हिरवी आली, कारण कोणत्या ट्रॅकमध्ये किती व्होल्ट हे तिला ठाऊकच नाही. किकॅडमध्ये नेट क्लास म्हणून सोय आहे, म्हणजे ट्रॅकचे गट करून प्रत्येक गटाला वेगळे नियम. लाइनच्या ट्रॅकचा वेगळा क्लास करा, त्याचे अंतर 8 मिलिमीटर द्या, मग ते तुम्हाला जवळ जाऊच देणार नाही. शेतातल्या पेटीत पावसाळ्यात ओल धरते, पाली शिरतात. तिथे 1 मिलिमीटर म्हणजे काहीच नाही. मोटारीचा करंट बोर्डातून कधीच नेऊ नका. साध्या 35 मायक्रॉन तांब्यात 5 अँपिअरलाच जवळपास 3 मिलिमीटर रुंद ट्रॅक लागतो. बोर्डावरच्या रिलेने फक्त स्टार्टरमधल्या कॉन्टॅक्टरची (मोटारीचा करंट जोडणाऱ्या मोठ्या स्विचची) कॉइल चालवा.

प्रश्न: रोही आणि रानडुकरांनी सोयाबीन ठेवले नाही. कुंपणाच्या तारेला झटके देणाऱ्या झटका मशीनचा बोर्ड स्वतः करावा म्हणतो. ईझीईडीएवर कोणाची तरी तयार डिझाइन आहे, तीच मागवू का?

तुमचे नुकसान मला कळते, तरीही ही डिझाइन मागवू नका. झटका मशीनसाठी आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयईसी 60335-2-76. त्यानुसार 500 ओहमच्या भारावर एका झटक्यात 5 जूलपेक्षा जास्त ऊर्जा जाता कामा नये, आणि दोन झटक्यांमध्ये मोकळा वेळ राहिला पाहिजे. जनावर दचकून मागे फिरते आणि माणूस तारेपासून सुटू शकतो, ते या दोन अटींमुळे. कोणी टाकलेल्या डिझाइनमध्ये टायमिंगचा एक पार्ट बिघडला तर काय होईल, हे तुम्हाला आणि मला फाइलकडे बघून सांगता येणार नाही. मानकाची खूण असलेले तयार मशीन घ्या. आणि लाइनची तार थेट कुंपणाला जोडायचा विचार कोणीही मनात आणू नका. आपल्याकडे त्याने माणसे मेली आहेत, आणि तो गुन्हा आहे.

हात शिवशिवत असतील तर मशीनच्या सोलर बॅटरीचा व्होल्टेज दाखवणारा बोर्ड करा. 12 व्होल्टचे काम, तीन एलईडी, एक एलएम 324 आयसी. बॅटरी उतरली की कुंपण गप्प होते आणि सकाळीच कळते, ती अडचण याने सुटेल. हा बोर्ड एकाच बाजूचा होतो, म्हणून घरी लेझर प्रिंटचा टोनर इस्त्रीने तांब्यावर उतरवूनही करता येईल. फक्त खालच्या थराची प्रिंट काढताना ती आरशासारखी उलटवू नका. कागद तांब्यावर पालथा पडला की ती आपोआप उलटते.