रिपोर्टमधला आकसलेला मेंदू आणि रोजची क्वार्टर

प्रश्न : माझे यजमान ५१ वर्षांचे आहेत. गेली अठरा वर्षे रोज रात्री व्हिस्कीची एक क्वार्टर ठरलेली. दोन महिन्यांपूर्वी ते मोरीत घसरून पडले म्हणून एमआरआय केला. मार किरकोळ निघाला, परंतु वयाच्या मानाने मेंदू आकसल्याचे रिपोर्टमध्ये लिहून आले. तेव्हापासून ते म्हणतात, ‘जे गेलं ते गेलं, आता सोडून काय उपयोग?’ गणपतीत त्यांनी दोन दिवस बंद केली, तर हात इतके थरथरू लागले की बशीतला चहा सदऱ्यावर सांडला. शेवटी सासूबाईंनीच थोडी घ्यायला लावली; ‘एकच तर घेतो,’ असे त्यांचे म्हणणे. जर्मनीतला माझा भाचा सांगतो की दारू सोडली की मेंदू पुन्हा भरून येतो. खरे काय मानू? मुलगी बारावीला आहे, तिच्या नजरेस पडू नये म्हणून रिपोर्ट कपाटावर ठेवला आहे.
— एक वाचक भगिनी, सांगली

उत्तर : प्रिय भगिनी,

तुमच्या भाच्याने दिलेला दिलासा पोकळ नाही. मात्र त्याने अर्धीच गोष्ट सांगितली आहे. त्याच्याच देशात, वुर्झबर्ग विद्यापीठातील डॉ. आंद्रेआस बार्त्श यांनी ब्रिटन, स्वित्झर्लंड आणि इटलीतील सहकाऱ्यांसह केलेले एक संशोधन २००७ साली प्रसिद्ध झाले. मद्यपाशात अडकलेल्या पंधरा जणांच्या मेंदूचे स्कॅन त्यांनी दारू बंद झाल्यावर लगेच काढले आणि सहा-सात आठवडे थेंबही न घेतल्यानंतर पुन्हा काढले. मेंदूचे आकारमान सरासरी जवळपास दोन टक्क्यांनी वाढलेले दिसले, आणि एकाग्रतेच्या चाचणीतही ही माणसे आधीपेक्षा सरस ठरली. सुकलेल्या शरीरात पाणी परतल्यामुळे मेंदू फुगला असेल, अशी शंका अशा निष्कर्षांवर नेहमी घेतली जाते. परंतु मेंदूतील रसायनांची मोजमापेही घेतलेली असल्यामुळे ही वाढ केवळ पाण्याची नव्हे, असे या संशोधकांनी सांगितले. सोडल्यानंतर आकसलेला मेंदू काही अंशी सावरतो, हे टोरांटोच्या संशोधकांनी १९७८ सालीच सीटी स्कॅनवरून दाखवले होते.

आता उरलेली अर्धी गोष्ट. त्या पंधरांपैकी एका रुग्णाचा मेंदू सावरला नाही, उलट आणखी थोडा घटला, आणि सर्वांत दीर्घकाळ, पंचवीस वर्षे, पिणारा रुग्ण तोच होता. एकाच्या अनुभवावरून नियम बांधता येत नाही, तरीही यजमानांच्या ‘आता काय उपयोग’ या वाक्याला माझ्या मते हेच उत्तर आहे : अठरा वर्षांनंतर सोडण्यात जो उपयोग आहे, तो आणखी सात वर्षांनी तितकाच उरेल याची हमी कोणी देऊ शकत नाही. शिवाय एमआरआय हे एका दिवसाचे छायाचित्र आहे. त्यातून आज काय आहे एवढेच कळते, पुढे काय होईल हे त्यावर लिहिलेले नसते. स्पष्टच लिहिते, तुमच्या यजमानांनी त्या कागदाचा पिण्याचा परवाना करून घेतला आहे.

सासूबाईंच्या ‘एकच’चाही हिशेब करू. क्वार्टर म्हणजे १८० मिलिलिटर, आणि ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीत त्यातले सुमारे ७७ मिलिलिटर निव्वळ अल्कोहोल असते. ब्रिटनमध्ये १० मिलिलिटरला एक युनिट धरतात, म्हणजे तुमच्या घरी आठवड्याला पन्नासहून अधिक युनिटे पोटात जातात. तेथील ५५० सरकारी कर्मचाऱ्यांच्या तीस वर्षांच्या नोंदी आणि मेंदूचे स्कॅन ताडून पाहणारा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. स्मरणशक्तीशी निगडित असलेला हिप्पोकॅम्पस हा भाग आकसण्याचा धोका आठवड्याला तीसहून अधिक युनिटे घेणाऱ्यांत सर्वांत जास्त होताच, पण चौदा ते एकवीस युनिटे घेणाऱ्यांतही तो न पिणाऱ्यांच्या तिप्पट आढळला. हे आकडे सासूबाईंना वाचून दाखवाच असे नाही. आईला मुलाचे हात थरथरताना पाहवले नाहीत, हे मी समजू शकते.

आणि त्या थरथरीबद्दलच मला सर्वांत काळजी वाटते. इतकी वर्षे रोज पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम बंद केल्यास फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, क्वचित जिवावरही बेतते. तेव्हा शपथ, देवाचा अंगारा किंवा कुलूप लावलेली खोली यांपैकी काहीही नको. मनोविकारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली औषधे देऊन हे दिवस पार पाडले जातात. ब-१ जीवनसत्त्वाचा विषय तुम्ही स्वतःहून काढा. दीर्घकाळ पिणाऱ्यांत ते बहुधा कमी पडते, आणि त्याच्या अभावाने होणारी मेंदूची हानी कायमची राहू शकते. चालताना तोल जाणे, एकाच वस्तूच्या दोन दिसणे, अचानक गोंधळल्यासारखे वागणे यांपैकी काही दिसले तर रात्र असली तरी रुग्णालय गाठा. ते मोरीत घसरले ते ओल्या फरशीमुळे की तोल गेल्यामुळे, हेही आठवून डॉक्टरांना सांगा.

व्यसनमुक्तीसाठी १४४४६ ही निःशुल्क राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे आणि तेथे व्यसनी पुरुषांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गटही चालतो. यजमान तयार होवोत वा न होवोत, तुम्ही तेथे जाऊ शकता. बाटल्या मोजणे आणि खिसे तपासणे हे तुमचे काम नाही.

रिपोर्ट कपाटावरून काढा आणि फिल्मसह तज्ज्ञांकडे न्या. दुसरा एमआरआय कधी करायचा, की करायचाच नाही, ते त्यांना ठरवू द्या. मुलीपासून मात्र तो लपवू नका. बशीतला चहा सदऱ्यावर सांडला तेव्हा ती घरातच होती ना?